गोधडीची उलटी बाजू

घरात शिवणारी बाई सत्तावीस वर्षं एकच होती, थोरली सून. लोकांच्या पँट आखूड कर, चेन बदल, पडद्यांना दुमड घाल. कपडा हातात आला की ती आधी उलटा करून आतली शिवण बघायची, मग गिऱ्हाइकाचं तोंड.

धाकटी जाऊ कचेरीत फायली लावायची. नोकरी सुटल्यावर थोरलीकडूनच धावदोरा शिकली आणि चार वर्षांत जुन्या नकाशांच्या गोधड्या करू लागली. निळ्या सदऱ्याची नदी, जुन्या पडद्यांची शेतं. आता वाचनालयाने शहराच्या जुन्या नकाशाची भिंतभर गोधडी मागितली होती. कुरियरवालासुद्धा विचारायचा, "नकाशावाल्या बाई इथंच राहतात ना?"

"हो," थोरली म्हणायची, "आणि चेनवाल्यापण इथंच राहतात."

तेही एक वेळ सोसलं असतं. पण सासरे! जन्मभर जमीनमोजणी केलेला, कौतुकाला महाग माणूस. ते रोज संध्याकाळी धाकटीच्या शिवणीवरून बोटं फिरवत बसायचे. थोरलीने त्यांचे इतके पायजमे शिवले. "नाडी घट्ट आहे," एवढंच तिच्या वाट्याला आलं.

धाकटीने या वेळी पहिल्यांदाच नकाशा खास पेन्सिलीने कागदावर गिरवला. तो कापडावर पालथा घालून इस्त्री फिरवली की रेघा उमटतात. इस्त्री थोरलीच्या हातात होती. तिला लगेच कळलं, हे उलटं उमटणार. आधी कागद उलटून गिरवायला हवा होता. पूर्वेची नदी पश्चिमेला जाणार.

"झालं का, जाऊबाई?"

"थांब जरा," म्हणत थोरलीने इस्त्री आणखी दाबून फिरवली.

पुढे सात आठवडे धाकटी शिवत होती. गोधडी पुरती पसरायला घरात जागा नव्हती. मांडीवर मावेल तेवढाच भाग घेऊन ती बसायची. थोरली येता-जाता विचारायची, "कुठवर आली गं नदी?" तो दिवस तिला गोड जायचा.

द्यायच्या आदल्या दिवशी धाकटी सगळं बोचकं घेऊन आली. "कडेचा गोट तुम्हीच लावा. माझे कोपरे फुगतात. आणि खाली दोघींची नावं घालते हं."

थोरलीने बोचकं पुढ्यात ओढलं. म्हणजे हसं झालं तर दोघींचं! सवयीने तिने गोधडी उलटी केली. पांढऱ्या अस्तरावर नुसते टाके होते आणि नदी, पूल, गल्ल्या, सगळं जिथल्या तिथं. टाके इतके एकसारखे, की क्षणभर तिला स्वतःचेच वाटले.

"अगं, नकाशा उलटा उमटलाय."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"रडू नकोस. ही अस्तराची बाजू लाव भिंतीवर. ही बरोबर आहे."

"तुमच्या कधी लक्षात आलं?"

"आत्ताच."

वाचनालयात लोक म्हणाले, काय डोकं चालवलंय, नुसत्या टाक्यांचा नकाशा! धाकटी ज्याला त्याला सांगत सुटली, "कल्पना जाऊबाईंची. नजर बघा त्यांची, एका क्षणात ओळखलं." थोरलीचा तिळपापड झाला. मोठेपणाही मेलीनं स्वतःकडेच घ्यायचा!

सासऱ्यांचं बोट गल्लीगल्लीतून फिरत आपल्या घरावर येऊन थांबलं. "टाका सरळ आहे," ते म्हणाले.

थोरलीला राहवलं नाही. "तो टाका मी शिकवलाय, मामंजी."

"ठाऊक आहे. इस्त्रीही तूच केली होतीस ना?"

थोरली गोटाचा कोपरा नीट करायला लागली. तो नीटच होता.