भाऊजींची सही

जगात बँकेवर मनापासून प्रेम करणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊजी म्हणायचो. मूळ भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर, राहायला सेक्टर सहातलं कंपनीचं क्वार्टर. लोक बँकेत पैसे काढायला जातात, भाऊजी भेटायला जायचे. काम असो नसो, पहिल्या पाळीवरून सुटले की स्कूटर बँकेसमोर लावायची, कॅशियरच्या गुडघ्यांची चौकशी करायची, शिपायाच्या पोरीचं लग्न कुठवर आलं ते विचारायचं आणि मग घरी यायचं. दिवाळीत ताईच्या हातच्या अनारशांचा पहिला डबा देवापुढे आणि दुसरा बँकेत जायचा. सासुरवाडीची माणसं तिसऱ्या नंबरवर. मी एकदा तशी तक्रार केली, तर म्हणाले, "बापू, देव मांगल्यावर देईनच असं नाई. बँक देते. मंग?"

बँक देत होती हे खरं. पगाराच्या खात्यावर ओव्हरड्राफ्टची सोय होती, म्हणजे शिल्लक नसली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचल करता यायची. भाऊजींनी ती स्वतःसाठी क्वचितच केली. त्यांना व्यसन होतं ते जामीन राहण्याचं. कामगारांच्या पतसोसायटीच्या कर्जाला दोन जामीनदार लागत. एक कोणीतरी शोधावा लागायचा, दुसरे भाऊजी असायचेच. आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांतले फ्रिज, बारशी आणि मुलींची लग्नं त्यांच्या सहीवर उभी होती. आणि सही तरी कशी! पहिल्या अक्षराला फेटा बांधायचा, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत न्यायची आणि खाली दोन ठसठशीत टिंबं. सही चालू असताना कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. एखाद्याने हप्ता बुडवला की हे ओव्हरड्राफ्टमधून भरून मोकळे. ताई चिडायची, "तुमाले कावून येवढी हौस?" भाऊजी शांतपणे म्हणायचे, "त्यानं माह्या सहीवर घेतलं ना? मंग थे माहंच झालं."

निवृत्त झाल्यावर ते स्मृती नगरात राहायला गेले. क्वार्टर सोडताना कंपनीचा नो-ड्यूज दाखला लागतो. वाचनालय, दवाखाना, वीज, सोसायटी, ज्याच्या त्याच्या खिडकीचा शिक्का घ्यावा लागतो. भाऊजींनी हिंडून हिंडून तो मिळवला, फ्रेम करून बैठकीत टांगला, आणि आपण आता या पृथ्वीवर कोणाचंच देणं लागत नाही असं समजून स्वस्थ झोपू लागले. इकडे पगार थांबला, खातं उण्यातच राहिलं, व्याज चढत गेलं. शेवटी बँकेने खातंच बंद केलं आणि उरलेली रक्कम भरा म्हणून नोटीस पाठवली. भाऊजींनी फ्रेम काखोटीला मारली आणि मला घेऊन बँक गाठली.

जुनी माणसं बदलून गेली होती. खुर्चीवर एक तरुण अधिकारी होता. भाऊजींनी फ्रेम त्याच्यासमोर उभी केली. "कंपनी ने लिखकर दिया है साहब, किसी का कुछ बाकी नहीं।"

"अंकल, ये कंपनी का है। बैंक अलग है।"

भाऊजींना ही गोष्ट खरोखरच नवी होती. मला आधी हसू आलं, पण त्यांचं तरी काय चुकलं? नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा, शाळा, दवाखाना, रस्त्याकडेची झाडंसुद्धा कंपनीची. मग एकटी बँक तेवढी परकी असेल हे कोणाला सुचणार? बाहेर आल्यावर ते स्कूटरला टेकून उभे राहिले. "पैशाचं नाई बापू, पैसे भरू. पन खातं बंद करून देलं. आपल्या मानसाले असं घराबाहीर काहाडते का?"

बँकेने एक वाट दाखवली होती. थोडी रक्कम एकदम भरली तर बाकीची सोडायला ती तयार होती. मात्र तडजोडीची नोंद राहणार आणि पुढे त्यांची जामिनकी चालणार नाही. घरात सगळ्यांना आनंद झाला, भाऊजी सोडून. माझ्या मुलीला बारावी झाली की नर्सिंगला जायचं होतं. माझी नोकरी जवळच्याच रसमड्याच्या खासगी कारखान्यातली, आज आहे तर उद्या नाही. तिच्या कर्जाला जामीनदार लागणार होता आणि भाऊजींनी तिला शब्द दिला होता. "सूट घेतली त सही उष्टी होते," ते म्हणाले. "पोरीच्या कागदावर उष्टी सही करू का मी?"

मग त्यांनी हप्ते बांधून घेतले आणि उतारवयात रसमड्याला माझ्याच कारखान्यात फिटर म्हणून लागले. निरोप समारंभात मिळालेली शाल ओली करून डोक्याला गुंडाळायचे आणि माझ्या मागे स्कूटरवर बसून वाटभर गाडी कशी चालवावी ते शिकवायचे. असे दोन उन्हाळे काढले आणि सगळं देणं व्याजासकट फेडलं.

मुलीच्या कर्जाच्या दिवशी ते कडक इस्त्री करून आले. त्याच अधिकाऱ्याने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, आपका सब क्लियर है।" भाऊजींनी पेन उचललं. आम्ही सवयीने गप्प झालो. पण फेटा काही बांधला जाईना. पान्हे आवळून आवळून बोटं आखडली होती. शेपटी मध्येच तुटली. अधिकाऱ्याने जुन्या सहीशी ताडून पाहिलं आणि दुसरा कागद दिला. त्यावरची सहीही जुळेना. त्यांच्याकडे बघायची माझी छाती होईना. शेवटी तो पोरगा हळू आवाजात म्हणाला, "अंकल, अंगूठा भी चलेगा।"

भाऊजी हसले. "चलेगा नहीं साहब, दौड़ेगा।" आणि शाईत बुडवून अंगठा दाबला. मुलगी ओढणीने त्यांचं बोट पुसायला गेली, तर म्हणाले, "राहू दे माय, लोकाइले दिसू दे." त्या संध्याकाळी तो निळा अंगठा घेऊन ते सेक्टर सहात घरोघरी चहा पिऊन आले.

भाऊजी जाऊन आता बरेच दिवस झाले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः स्कूटरवर. मुलगी रायपूरला नोकरी करते. तिचा पगार झाला की आधी हप्ता जातो, मग बाकीचं. मागच्या महिन्यात तिला पगार उशिरा मिळाला, तर मैत्रिणीकडून उसने घेऊन तिने हप्ता भरला. मी म्हटलं, अगं, एखादा दिवस मागेपुढे झाला तर काय बिघडतं?

"असं कसं पप्पा," ती म्हणाली. "मावसाजी जामीन हाय ना."