डाव्या कमरेवरची घागर

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्या वर्षी निपाणीत मला पहिल्यांदा बघायला आले... नाव-गाव विचारून झालं, पोहे झाले. मग मुलाच्या आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, जरा दारापर्यंत चालून दाखव."

मी चालले. आत्याबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "एक पाय आखूड हाय व्हय गं हिचा?"

नकार आला, पण त्याआधीच बातमी बाजारपेठेत पोचली होती. माझ्यामागं धाकटी बहीण लग्नाची, म्हणून आई रडली. मला रडू आलं नाही, राग आला.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी टेपनं दोन्ही पाय मोजले... सारखे! मग विचारलं, "पाणी कुठल्या कमरेवर आणतेस?"

डाव्या. लहानपणापासून डाव्याच, उजव्या हातात पोहऱ्याचा दोर असायचा ना. त्यानं डाव्या खुब्याचे स्नायू ताणून ढिले पडले होते आणि उजवीकडचे आखडले होते. चालताना कंबर एका बाजूला पडायची, म्हणून पाय आखूड वाटायचा. आताच्या फिजिओथेरपीवाल्या मुली याला मसल इम्बॅलन्स म्हणतात.

औषध काही नाही... घागर उजवीकडं घ्यायची आणि रोज कुशीवर पडून डावा पाय वर उचलायचा. सुरुवातीला निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. आडावरच्या बायकांना आयती करमणूक झाली. पण वर्षभरात चाल सरळ झाली.

मग बेळगावची दुसरी मंडळी आली. मी पोहे ठेवले आणि भिंतीशी उभी राहिले, आता चालायला सांगतील म्हणून. अण्णा नुसते माझ्या पायांकडं बघत होते. या वेळीही नकार आला असता, तर निपाणीत पुन्हा कुणी विचारलं नसतं.

मुलाच्या आई उठल्या, माझा दंड धरून मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, "बस गं बाळ. मला बी असंच चालवून बघितलं हुतं... आमच्यात आता पोरीला चालवत न्हाईत."

खरं सांगते, आधी वाईटच वाटलं. एवढी वर्षभराची मेहनत, आणि बघायला कुणी नाही!

चहा आणायला आत जाताना मी मुद्दाम वळून पाहिलं. मुलाच्या आई माझ्या आईला पोह्यांत काय काय घातलंय ते विचारत होत्या. माझ्या चालीकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

मी तिथंच, स्वयंपाकघराच्या दारात, मनातल्या मनात होकार देऊन टाकला... मुलाकडं तोवर नीट बघितलंही नव्हतं.