बाइंडरचं परदेशातलं घर

बाइंडरनी या वयात परदेशात दुसरं घर केलंय, ही बातमी शेजारच्या शिवणवालीने सोडली. तिच्या कानांबद्दल गल्लीत कुणाला शंका नाही. भिंतीपलीकडून तिने स्वतः ऐकलं होतं, "इथला पत्ता काढतो, तुझ्या घरचा घालतो. हिला इतक्यात सांगू नकोस."

बाइंडर म्हणजे चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेला माणूस. फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, हातात येईल तसा वाचायचा. त्यामुळे त्यांनी वाचलेल्या कथांमध्ये आधी बाळाचं बारसं, मग आईबापांची ओळख. पण एका कादंबरीने घात केला. जहाज बुडायला आलंय, कप्तान सुरी घेऊन दोर कापायला उठलाय, आणि शेवटचा फर्मा छापखान्यातून आलाच नाही. ते काम दुसऱ्या कारखान्यात गेलं. कप्तान तीस वर्षं तसाच उभा.

आता छापलेली अक्षरं मुंग्यांसारखी दिसायला लागली, म्हणून परदेशातल्या पुतणीने ई-रीडर पाठवला. अक्षर बोराएवढं करता येतं. बायकोने त्यावर बारा रहस्यकथा घेतल्या आणि दुपारचे तीन ते पाच आपल्या नावावर करून टाकले. बाइंडरना ती एकच कादंबरी हवी होती. ती दुकानात दिसायची, बोट ठेवलं की पाटी यायची : हे पुस्तक तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.

"माझ्याच प्रदेशात शिवलंय ते, गाढवा," बाइंडर यंत्राला म्हणाले.

नमुना मात्र फुकट होता. पहिली वीस पानं. ती त्यांना पाठ होती. 'नमुना शेवटचा द्यावा' असं त्यांनी दुकानाला कळवलं. उत्तरात पुन्हा पहिली वीस पानं आली.

शेवटी दुकानातल्या खात्यावर परदेशातला पत्ता घालायचं ठरवून पुतणीला फोन लावला. तोच शिवणवालीने ऐकला.

"काका, खाली बारीक अक्षरात सूचना असेल, ती आधी वाचा," पुतणी म्हणाली.

"बारीक वाचता आलं असतं तर हे डबडं कशाला घेतलं असतं? आणि एकदा शिवलेलं उसवायला कोण येतंय?" असं म्हणून त्यांनी 'हो' दाबलं.

कादंबरी उतरली. पुस्तक मागून उघडायची बाइंडरची सवय, पण या यंत्राला मागची बाजूच नाही. बोराएवढ्या अक्षरांत कादंबरीची दोन हजार पानं झाली होती. ते एकेक पान सरकवत निघाले. बोट दुखायला लागलं, तेवढ्यात तीन वाजले आणि बायकोने यंत्र काढून घेतलं.

"अहो, माझी पुस्तकं कुठायत? खुनी कोण ते कळायला पाच पानं राहिली होती."

बाइंडरनी चष्मा पुसला. "ती आता आपल्या प्रदेशात उपलब्ध नाहीत."

"आणि तुमचा कप्तान?"

"तो आहे."

"म्हणजे गल्लीत गाजतंय ते परदेशातलं घर हेच! मग पत्ता परत बदला."

"वर्षातून एकदाच बदलता येतो म्हणे."

"असं होय," बायको म्हणाली. "मग माझा खुनी सापडेपर्यंत तुमचा कप्तानही उभा राहू दे. तीस वर्षांची सवय आहे त्याला."

कपाटाला कुलूप लागलं. किल्ली तिच्या कमरेला.

परदेशात बाइंडरचं घर नाही. पत्ता पुतणीचा आहे. ई-रीडर कपाटात आहे, आणि शेवटची सोळा पानं त्यांनी अजून वाचलेली नाहीत.