घंटेआधीच लिहिलेले गुण

रविवार. सकाळी विजूच्या फोटोला हार घातला आणि वसईला बॉक्सिंगची लढत पाहायला गेलो.

विजू माझा धाकटा भाऊ, बॉक्सिंगचा कोच. त्याला जाऊन दीड महिना झाला. नंदाखाल गावची स्नेहा त्याची शेवटची शिष्या. आज जिंकली असती तर तिला किताबाची लढत मिळाली असती. समोरची मुलगी आयोजकांच्याच क्लबची.

मी एका जजच्या मागेच बसलो होतो. प्रत्येक फेरी संपली की जज गुणांची चिठ्ठी देतात. शेवटच्या फेरीत घंटेला दहाबारा सेकंद बाकी असतानाच यांनी चिठ्ठी लिहून घडी घातली. त्यानंतर स्नेहाने समोरचीला खाली पाडलं. रेफरीने आठपर्यंत मोजलं. असं खाली पडलं की सहसा त्या फेरीत गुण जातो. चिठ्ठीची घडी काही उघडली नाही.

बाकीच्या दोन जजपैकी एकाने स्नेहाला जिंकवलं, एकाने हरवलं. माझ्या पुढच्या या जजच्या चिठ्ठ्यांवर ती एका गुणाने हरली.

मी त्यांना गाठलं. "घंटेआधीच लिहिलंत तुम्ही. मी पाहिलंय."

"दादा, तुमच्या घरात नुकतंच दुःख झालंय. इतकं मनाला लावून घेऊ नका."

माझा भाऊ गेलाय, माझे डोळे शाबूत आहेत. हे तिथे बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

बाहेर स्नेहाने विचारलं, "काका, सर असते तर भांडले असते ना?"

"भांडला असता. तरी तू हरलीच असतीस." हे मी बोलायला नको होतं.

तुमच्यापैकी कोणी तिथे होतं का? जे पाहिलं ते लिहाल?

ग्लोव्हजच्या आत हातांना गुंडाळायच्या तिच्या पट्ट्या विजू धुवायचा. आज मी त्या घरी आणून धुतल्या आणि गॅलरीत वाळत घातल्या.