चेंबरवरचा अंगठा

दुपारचे अडीच वाजलेत आणि मी ठोकळ्यांवर चढवलेल्या एका स्पोर्ट्स कारच्या पोटाखाली उताणी पडले आहे. पाठीखाली चाकं लावलेली फळी, डोक्याखाली चिंध्यांचं गाठोडं. पिठलं-भाकरी जरा जास्तच झाली आहे. पाच मिनिटं डोळे मिटावेत म्हणून मिटलेत, आणि उद्यमनगरातले आवाज एकेक करून लांब जायला लागलेत. आधी शेजारचं लेथ जातं, मग समोरचा ग्राइंडर, मग चहाच्या गाड्यावरचं भांडण.

डोळे मिटले तरी चेंबर दिसतोच आहे. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाला लावलेलं ॲल्युमिनियमचं भांडं, त्यात ऑइल असतं. ही लाल गाडी दोनच माणसांची आणि इतकी बसकी, की खाली दगड आला तर पहिला फटका चेंबरलाच. बेळगावच्या डॉक्टर हुद्दारांची गाडी, त्यांच्या वडिलांच्या वेळची. पुढच्या आठवड्यात ती बंगळुरात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात जायची आहे. तिथले परीक्षक म्हणे काठीला आरसा लावून गाडीखाली बघतात. म्हणून खालचं सगळं ॲल्युमिनियम चकचकीत करायचं काम माझ्याकडे आलं आहे. पन्नास वर्षांचा चिखल, ऑइल आणि वरून पांढरट बुरशीसारखा थर. रॉकेलनं धुतलं, ब्रश मारला, पाणीपेपर मारला, मग बफ, म्हणजे चकाकी आणणारं कापडी चाक. गिअरबॉक्स झाला, दांड्या झाल्या, चेंबरही झाला. एक जागा सोडून.

चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक उंचवटा आहे. कंपनीच्या चेंबरवर असलं काही नसतं. हा चेंबर कंपनीचा नाहीच. कंपनीचा गगनबावड्याच्या घाटरस्त्यावर फुटला, परदेशातून दुसरा मिळेना, तेव्हा इथल्याच एका फाउंड्रीत हा ओतला, आणि ओतणारे माझे वडील होते. आप्पा घरी शंभरदा सांगायचे, "लाल, बसक्या गाडीचा चेंबर केला म्यां. अंगठा लावलाय त्याला." आम्ही हसायचो. आई तर म्हणायची, गाडी होती का बैलगाडी होती ते तरी नीट बघितलं का?

डॉक्टर भला माणूस आहे, पण त्यांनी परदेशातून अस्सल चेंबर मागवला आहे. तो कोपऱ्यात पेटीत पडून आहे. ते परवा म्हणाले, "विजयमालाताई, तो उंचवटा घासून सपाट करा. कंपनीसारखा दिसला तर जुनाच राहू दे. नाहीतर मी येईन तेव्हा नवा बसवू, आणि हा मोडीत." मशिनवर दहा मिनिटांचं काम. दोन दिवस झाले, मी त्या जागेला हात लावलेला नाही. घासला तर आप्पांचा अंगठा जातो, न घासला तर आप्पांचा अख्खा चेंबर जातो. पाच वाजता डॉक्टर येणार आहेत.

"झोपलीस काय गं माले?"

आप्पा माझ्या शेजारी उताणे पडले आहेत, उघड्या फरशीवर. खाकी अर्धी चड्डी आणि ठिणग्यांनी भोकं पडलेलं बनियन. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, हे मला पक्कं माहीत आहे. तरी भीती वाटत नाही. एवढंच वाटतं की मी फळीवर आणि हे खाली, हे बरं नाही.

"आप्पा, गार लागंल. फळीवर या."

"मेलेल्याला काय गार आन् काय गरम. पड तू."

ते बोलतात असेच. जिवंत होते तेव्हाही असेच बोलायचे. त्यांचं लक्ष माझ्याकडे नाहीच, वर गिअरबॉक्सकडे आहे. नख लावून बघतात. मग त्याच्या अंगावरच्या पात्यांच्या मधल्या खाचेत करंगळी घालतात आणि बाहेर काढून उजेडात धरतात. करंगळी स्वच्छ.

"ह्यो कुणी केला?"

"मीच की."

"मशिनवर?"

"थोडा मशिनवर. खाचांत मशिन जात नाही, तिथं हातानं."

आप्पा गिअरबॉक्सला नाक लागेल इतकं तोंड जवळ नेतात. त्यात त्यांना त्यांचं तोंड दिसतं. मिश्या नीट करून घेतात, डावी जरा वर, उजवी जरा खाली, आणि सावकाश म्हणतात, "चालतंय."

आप्पांच्या तोंडचं 'चालतंय' आमच्या घरात फार कमी वेळा ऐकू आलं आहे. मी दहावी पास झाले तेव्हा एकदा. त्यांच्या हयातीत मी दुकान टाकलं नव्हतं, बफ हातात धरला नव्हता. आणि आता ते माझ्या कामात मिश्या नीट करताहेत. झोपेतसुद्धा माझी छाती फुगते. पेठेतल्या समस्त पुरुष मंडळींना हाक मारून दाखवावं असं वाटतं.

पण सांगायचं ते सांगावंच लागतं. "आप्पा, डॉक्टर तुमचा अंगठा घासून काढा म्हणतोय."

"मग काढ की."

"काढ की काय? तुमची सही हाय ती!"

"सही?" आप्पा इतक्या जोरात हसतात की वरची गाडी हलते. "सह्या ठोकाय मी काय मामलेदार हाय? कुणी सांगितलं तुला सही म्हणून?"

मला राग येतो. मी दोन दिवस जिवाला घोर लावून बसले आहे आणि हे हसताहेत. "मग काय हाय ते?"

"चल, दाखवतो."

ते पायानं माझी फळी ढकलतात. फळी सुटते. आम्ही गाडीखालून बाहेर पडतो खरे, पण दुकानात नाही, फाउंड्रीत. वर गाडीचं पोट अजून आहे, फक्त आता ते पत्र्याचं छप्पर झालं आहे आणि गिअरबॉक्सच्या जागी पाकोळ्या बसल्यात. जमिनीवर काळी वाळू. एका कोपऱ्यात आमचं स्वयंपाकघर आहे, आणि आई तिथं पातेलं पालथं घालून राखेनं घासते आहे. ती आमच्याकडे बघत नाही. फाउंड्रीत कुणी बोलावलं म्हणून थोडीच आली असेल ती, तिचं तिचं काम चालू आहे.

आप्पा आता तरणे आहेत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. वाळूपुढे उकिडवे बसलेत, साचा उघडा आहे, आणि शेजारी कंपनीचा फुटका चेंबर, तुकडे तारेनं बांधून उभा केलेला.

"ह्या फुटक्यावरनंच साचा उठवला," ते सांगतात. "आता हितं बघ. ह्यो कोपरा. कंपनीनं हितं पातळ ठेवलंय. त्यांच्या देशात गुळगुळीत रस्तं असतील. आपल्याकडं गगनबावडा हाय. दगड लागला त्यो हितंच लागला. मी जसाच्या तसा केला, तर परत काय हुईल?"

"परत फुटंल."

"शाबास." आणि ते साच्यात त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवतात आणि दाबतात. सावकाश, अंदाज घेत. अंगठा वाळूत रुततो. "वाळू जेवढी आत गेली, तेवढं ॲल्युमिनियम जास्त भरलं. कळलं का? जिथं कमी हुतं, तिथं भर घातली. बास. सही म्हनं!"

मी बघतच राहते. किती दाबायचं, किती नाही, हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ना नकाशा, ना माप. तिकडे कोट घातलेल्या इंजिनिअरांना जे दिसलं नाही ते आप्पांना फुटक्या तुकड्यांत दिसलं होतं.

"मग हे सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं की. अंगठा लावलाय म्हणून किती येळा सांगितलं. तुमी हसला." त्यांच्या आवाजात तक्रार नाही, हवापाण्याचं बोलावं तसं बोलतात. "का लावला, ते कुणी इचारलंच न्हाई."

मीही विचारलं नव्हतं. शंभरदा ऐकलं आणि शंभरदा हसले. मला फार लाज वाटते, आणि त्याच वेळी या माणसाचा फार अभिमानही वाटतो.

आप्पा साचा मिटतात आणि रस ओततात. वितळलेलं ॲल्युमिनियम आवाज करत नाही, दुधासारखं आत जातं. साचा भरतो, तरी ते ओततच राहतात. रस उतू जाऊन जमिनीवर पसरतो, लांब पसरत जातो, आणि त्याचा रस्ता होतो. घाटातला रस्ता. एका बाजूला करवंदाच्या जाळ्या, दुसऱ्या बाजूला दरी. आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध उताणे पडलो आहोत.

"आप्पा, गाडी आली तर?"

"त्यासाठीच तर आलोय."

वळणावरून लाल गाडी येते. आमच्या अंगावर येते, पण चाकं दोन्ही बाजूंनी जातात, आणि गाडीचं पोट आमच्या डोळ्यांवरून सरकायला लागतं. संपतच नाही. दांड्या, नळ्या, पात्या, सगळं नवं कोरं. मग चेंबर येतो, आणि त्याच वेळी माझ्या कानाजवळचा एक दगड उडतो.

टाण्!

नेमका उंचवट्यावर. मी डोळे गच्च मिटते. आता ऑइल तोंडावर पडणार. काहीच पडत नाही. डोळे उघडते तर आप्पा दात काढून हसताहेत, कुस्ती मारलेल्या पैलवानासारखे.

"बघितलंस? एक थेंब न्हाई."

"बघितलं, आप्पा."

"मग आता सांग. सपाट करायचा का?"

"करणाऱ्याचा हात मोडून ठेवीन."

"चालतंय," आप्पा म्हणतात. दुसऱ्यांदा. एका दुपारी दोनदा!

मग ते कमरेची चिंधी काढून अंगठ्याला गुंडाळतात, हात वर करतात आणि उंचवटा घासायला लागतात. गाडी वरून धावतेच आहे, पण त्यांचा अंगठा उंचवट्यावरून ढळत नाही. मी माझी चिंधी काढते. ते माझा हात बाजूला करतात.

"तू बाकीचं समदं केलंस. एवढं माझं मला करू दे."

मी हात पोटावर ठेवते आणि बघत राहते. काळं जातं, पांढरट जातं, आणि खालून हळूहळू उजेड येतो. त्यांचा श्वास मला ऐकू येतो. आणखी काहीतरी विचारायचं आहे, पुष्कळ विचारायचं आहे. मी तोंड उघडते.

"विजयमालाताई, झालं का सपाट?"

दारातून डॉक्टर हुद्दारांचा आवाज येतो. पाच वाजलेत. लेथ चालू आहे, ग्राइंडर चालू आहे. माझे हात पोटावर आहेत. शेजारची फरशी रिकामी आहे.

मी वर बघते. उंचवटा चमकतो आहे. माझ्या हातचं काम मी ओळखते, हे माझ्या हातचं नाही. माझ्या घासण्याच्या रेषा उभ्या असतात. या गोल आहेत, अंगठा फिरेल तशा. आणि बरोबर मध्यभागी, मळाखाली आजवर न दिसलेला, दगडाचा एक खोल घाव आहे. मी त्याच्या कडेनं नख फिरवते. कुठंही चीर नाही.

"नाही केला," मी खालूनच ओरडते, "आणि करणारही नाही. तुम्ही खाली या."

"खाली?"

"हो. शर्ट खराब होईल, होऊ दे."

बेळगावचे नामांकित डॉक्टर पांढऱ्या शर्टानं फरशीवर आडवे होतात आणि कण्हत कण्हत माझ्या शेजारी सरकतात, मघाशी आप्पा होते तिथं. कंपनीचा चेंबर कुठं पातळ होता, माझ्या वडिलांनी तिथं काय केलं, ते मी त्यांना सांगते. त्यांचं बोट धरून घावावर ठेवते. डॉक्टर घावाच्या कडेनं बोट फिरवतात.

"मी होतो गाडीत," ते म्हणतात. "दुसरी-तिसरीत असेन. केवढा आवाज झाला! बाबा म्हणाले, संपलं, परत चेंबर गेला. उतरून खाली वाकून बघितलं, तर काही नाही. बाबा रस्त्यावरच टाळ्या वाजवायला लागले." मग ते कोपऱ्यातल्या पेटीकडे मान वळवतात. "पेटीतला परत पाठवतो. हा असाच जाऊ दे बंगळुरात. बघू दे त्यांना आरसा लावून."

मी चिंधी घेऊन शेजारची नळी उगाच पुसायला लागते. बोलायला गेले तर रडू येईल, आणि गिऱ्हाइकासमोर मी रडत नाही.

डॉक्टरांचं बोट अजून उंचवट्यावरच आहे. ते पुन्हा चाचपून बघतात, मग शेजारच्या पातीला हात लावतात, पुन्हा उंचवट्याला.

"ताई, बाकी सगळं गार आहे. एवढंच कोमट कसं लागतंय?"

"लागणारच," मी म्हणते. "आत्ता तर हात काढलाय त्यांनी."