सायबाचा ओटा

बोरसोडा नगरपालिकेची सभा असली की कय्यूमभाई शिपाई सभागृह उघडायचा, खुर्च्यांवर फडकं मारायचा, पंखा लावायचा आणि बाहेर येऊन दार ओढून घ्यायचा. आत एकच माणूस असायचा.

नगरसेवकांची मुदत संपून गेली होती. निवडणूक कोर्टात अडकली होती. तोवर गाव चालवायचं कोणी, तर सरकारनं मुख्याधिकारी देवानंद इंगळे यालाच प्रशासक करून टाकलं. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून विषय मांडायचा देवानंदनं, आणि सभा म्हणून तो मंजूर करायचा तोही देवानंदनंच. टेबलावर दोन शिक्के. एक मारला की तो बाजूला ठेवायचा अन् त्याच हातानं दुसरा उचलायचा.

मोठ्यानं वाचायची काही गरज नव्हती. पण तो वाचायचा. पहिल्या वेळी कय्यूमभाईनं दाराच्या फटीतून डोकं घातलं.

"साहेब, कोनाशी बोलून राह्यले?"

"सभेशी."

"बरं," म्हणत कय्यूमभाईनं दार परत लावलं. आत कोणी नमाज पढत असावं तसं, आवाज न करता.

त्या दिवशीचा विषय होता सोमवारच्या बाजाराचा. बोरसोड्याचा बाजार मोठ्या रस्त्यावरच भरायचा, दोन्ही बाजूंनी पोती, मधात माणसं, माणसांच्या मधात मोटारसायकली. मागच्या उन्हाळ्यात अडलेल्या बाईला घेऊन जाणारी गाडी कांद्याच्या ढिगांत अशी फसली की बाई तिथंच मोकळी झाली. पोरगी धडधाकट निघाली. गाव तिला अजून 'भाजीवाली' म्हणून हाक मारतं अन् हसतं. देवानंदला मात्र हसू आलं नव्हतं. त्यानं नकाशा पसरला, नाल्यापलीकडे पालिकेची मोकळी जागा शोधली, जीपमधून एक चक्कर मारली आणि ठराव केला: बाजार तिथं न्यायचा. सिमेंटचे ओटे बांधायचे, वर पत्रे टाकायचे, नळ द्यायचा.

"कोणाची हरकत?" त्यानं रिकाम्या खुर्च्यांना विचारलं. सवयीनं जरा थांबला. मग शिक्के मारले.

देवानंद मूळचा वडनेर भोलजीचा. बाप मोतीराम, कोरडवाहू रानात कापूस पिकवणारा. पोरानं परीक्षा दिल्या, साहेब झाला, गावोगाव बदल्या झाल्या. बायको अर्पिता अकोल्याला शाळेवर, पोरगी प्राची दहावीत, तीही तिकडेच. बोरसोड्यात तो कृषी केंद्राच्या वर एका खोलीत राहायचा. पुढं बसस्टँड, मागं गोदाम. फोनवर बायको विचारायची, "जेवले का?" तो म्हणायचा, "हाव." मग तिकडून कुकरची शिट्टी ऐकू यायची.

आल्या आल्या त्यानं एक चूक केली होती. स्टँडवरच्या हॉटेलात एका माणसानं चहा पाजला, तो पिला. संध्याकाळपर्यंत समोरच्या हॉटेलवाल्याचा अर्ज आला, की साहेब एका पार्टीचे झाले. दुसऱ्या दिवशी एकाच्या घरी पोहे खाल्ले, तर त्याच्या भावकीनं अतिक्रमणाची तक्रार केली. तेव्हापासून त्यानं गावात तोंडाला पाणीसुद्धा लावलं नाही. लग्नाची पत्रिका आली की टेबलावर ठेवायचा अन् तारीख उलटली की उचलायचा. थर्मासात घरून चहा न्यायचा, म्हणजे स्वतःच केलेला, स्वतःच प्यायचा.

बोलणं व्हायचं ते एका माणसाशी, सोमवारी. सत्यभामाबाई. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून यायची, हिरवी वांगी घेऊन. भरताची. वय झालेलं, जीभ जाग्यावर.

"भाऊ, एकट्यासाठी एवढं वांगं कायले घेता? दोन दिवस तेच खासान."

"मग लहान दे."

"लहान भाजाले नाई जमत. मोठंच घ्या. बायकोले बलवा."

"तिची शाळा हाये."

"शाळा तं साऱ्याईचीच हाये बापा," असं म्हणून ती वांगं पिशवीत टाकायची. तिला पार्टी नव्हती. तिचं मतदानही या गावात नव्हतं. देवानंदसाठी सोमवार यायचा तो त्या चार वाक्यांसाठीच.

हरकतींची नोटीस भिंतीवर लागली. घंटागाडीच्या भोंग्यावर ओला कचरा, सुका कचरा झाल्यावर बाजाराचंही सांगितलं गेलं. एकही हरकत आली नाही. देवानंदला बरं वाटलं. ओट्यांच्या कामावर तो रोज संध्याकाळी जायचा, नाल्याच्या पुलापर्यंत पायी, मग पलीकडं. जागेच्या मधोमध एक चपटा दगड होता. त्याला वाटलं, जुन्या हद्दीचा असेल. ठेकेदारानं तो नाल्याच्या काठाला सरकवला आणि तिथं पहिला ओटा उठला. सिमेंट चांगलं होतं. कोबा गुळगुळीत. देवानंदनं एकदा आजूबाजूला पाहिलं आणि त्यावर तळहात फिरवला. इतक्या गावांत नोकरी केली, पण आपण गेल्यावर मागं उरेल असं त्यानं कुठं काही केलं नव्हतं. हे उरेल असं वाटत होतं.

"पहिला ओटा तुले," त्यानं सत्यभामाबाईला सांगितलं. "येशीन ना?"

ती वांगी पुसत होती. पुसत राहिली.

"तुमी म्हनता तं येईन."

एवढंच. वांगं लहान का मोठं, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही. देवानंदच्या ते ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ त्यानं लावला नाही.

पहिला सोमवार उजाडला. मोठ्या रस्त्यावर पोलीस उभा केला होता, म्हणून विकणारे मुकाट्यानं नाल्यापलीकडं गेले. नव्या पत्र्याखाली मेथी, टमाटे, मिरच्या मांडल्या गेल्या. सत्यभामाबाई पहिल्या ओट्यावर बसली. घेणारे मात्र पुलाच्या अलीकडंच उभे. यायचे, पाहायचे, तंबाखू मळायचे, परत जायचे. देवानंद एका खांबाला टेकून उभा होता. पहिलाच बाजार आहे, होईल सवय, असं तो मनाला सांगत होता.

दुपार व्हायच्या आत पुलावरून हलगी ऐकू आली. मागोमाग तिरडी. मारुतीच्या आळीतले एक म्हातारे सकाळी वारले होते. समोर मडकं धरलेला लेक, मागं सारी आळी. माणसं सरळ बाजाराच्या जागेत शिरली आणि थांबली. खांदेकरी इकडं तिकडं पाहू लागले. त्यांच्या खांद्यावर ओझं होतं, आणि जिथं ते टेकवायचं तिथं ओटा होता.

तेव्हा देवानंदला कळलं.

गाव आणि स्मशान यांच्या मधात तिरडी एकदा खाली ठेवतात. खांदेकरी बदलतात, लेक तिरडीभोवती फिरतो, मग शेवटचं चालणं. त्या जागेला विसावा म्हणतात, तिथं दगड असतो. वडनेरलाही होता. त्याच दगडाशी देवानंदनं बापाला, मोतीरामला, खाली टेकवलं होतं. अन् इथं तसाच दगड त्यानं हद्दीचा समजून नाल्याला सारला.

"कुठी ठेवाचं?" मागून कोणीतरी खेकसलं. "खांदे सुटून राह्यले."

सत्यभामाबाई उठली. तिनं ओट्यावरची वांगी दोन्ही हातांनी टोपल्यात लोटली, पदरानं कोबा पुसला आणि बाजूला झाली. खांदेकऱ्यांनी तिरडी ओट्यावर ठेवली. उंची नेमकी होती, वाकावं लागलं नाही.

लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर देवानंदला बरं वाटलं असतं. लेक फिरला, खांदे बदलले, हलगी पुढं गेली. मागं ओट्यावर थोडा गुलाल अन् लाह्या राहिल्या. विकणाऱ्यांनी पोती आवळायला घेतली. त्या जागेवरची मेथी आता कोणाच्या घरात शिजणार नव्हती, हे सांगायची गरज नव्हती.

"तुले माहीत होतं," देवानंद सत्यभामाबाईला म्हणाला.

"मले काय, साऱ्या दुनियेले माहीत हाये."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

तिनं टोपलं डोक्यावर घेतलं. चुंबळ नीट केली.

"गाव म्हने, सायबाले माहीत हाये, मुद्दामच करून राह्यला. शिकेल मानूस, मानत नसन. म्या म्हटलं, वडनेरचा हाये. वडनेरात काय लोकं मरत नाईत? ठाऊकच असन."

अन् ती पुलाकडं चालू लागली. वांगं दिलं नाही, त्यानंही मागितलं नाही.

ठराव मागं घ्यायची सभा त्यानं लवकरच लावली. या वेळी घंटागाडीवरून सांगायला लावलं, की नागरिकांनी यावं, बोलावं. खुर्च्या पुसल्या गेल्या, पंखा लागला. देवानंद वाट पाहत बसला. कोणी आलं नाही. साहेबानं स्वतःच्या चुकीवर बोलवलंय, तिथं जाऊन बसायचं तरी कसं, असं गावानं ठरवलं असेल.

"कय्यूमभाई, आत या. बसा."

"मी? नाई साहेब. ते मेंबर लोकाईच्या खुर्च्या हायेत."

"ते आहेत का?"

कय्यूमभाई आला. खुर्चीच्या कडेवर बसला, एक पाय दाराकडं ठेवून. देवानंदनं ठराव वाचला. बाजार पूर्वीच्या जागी, रस्त्याचा अर्धा भाग मोकळा ठेवून, गाडीपुरती वाट पोलिसानं राखावी.

"कोणाची हरकत?"

कय्यूमभाईनं आधी मागं पाहिलं, मग समोर.

"हरकत नाई, एक पुसतो. ते ओटे पाडाचे का ठेवाचे?"

देवानंदनं कागद खाली ठेवला. ठरावावर त्याला कोणी विचारलेला तो पहिलाच प्रश्न होता. 

"पहिला ठेवू. बाकीचे पाडू."

"दगड?"

"तोही आणू. ओट्याजवळ."

"मंग ठीक हाये," कय्यूमभाई म्हणाला आणि शिक्क्यांची डबी उघडून दिली.

बाजार रस्त्यावर परत आला. सत्यभामाबाई एक सोमवार गप्प राहिली, दुसऱ्या सोमवारी म्हणाली, "मोठंच घ्या." नाल्यापलीकडं एकटा ओटा उरला, वर पत्रा, शेजारी दगड. गावानं त्याला नाव दिलं, सायबाचा ओटा. मयत निघाली की मागची माणसं पुसतात, कुठवर आली? पुढचे सांगतात, सायबाच्या ओट्यापाशी. अर्ध्यांना साहेब कोणता ते आठवणारही नाही काही वर्षांनी.

देवानंद मात्र आता मयतीला जातो. लग्नाला गेलं की एका पार्टीचा होतो, चहा पिला की दुसरीचा. मेलेल्या माणसाच्या बाजूनं उभं राहिलं तर अर्ज येत नाही. पत्रिका लागत नाही, कोणी बोलवावं लागत नाही. हलगी ऐकू आली की तो टेबलावरचा कागद झाकतो, चपला घालतो आणि सगळ्यांत मागून चालतो. बोलत कोणीच नाही, त्यामुळे त्याचं न बोलणं उठून दिसत नाही.

मागच्या आठवड्यात एका मयतीला माणसं कमी होती. ओट्यावर तिरडी टेकली, खांदे बदलायची वेळ आली. समोरच्यानं मागं वळून पाहिलं. तो देवानंदच्या ओळखीचा नव्हता.

"तुमी या ना इकून. उंचीनं बराबर हायेत."

देवानंद पुढं झाला आणि खांदा लावला.