डब्याच्या टेबलावरची काटकसर

घरात रिकाम्या बरण्या कशा साठतात, ते कुणाला सांगता येत नाही. कुणी ठरवून साठवत नाही. जॅम संपतो, लोणचं संपतं, बरणी धुऊन वर ठेवली जाते आणि एक दिवस माळ्याचं दार लागत नाही! आमच्या डब्याच्या टेबलावरच्या गोष्टींचं तसंच झालंय. मी मुद्दाम एकही जमवलेली नाही. पण चेन्नईतल्या एका केंद्र सरकारी ऑफिसात अकरा वर्षं रोज एक वाजता त्याच तीन माणसांसमोर डबा उघडला, की दुसरं काय होणार?

ती तीन माणसं आधी सांगतो. पेंडसे मूळचे सांगलीचे, अण्णा नगरला माझ्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. सुलभाताई साताऱ्याच्या. आणि सेतुमाधवराव, म्हणजे आमचे सेतुराव, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्याने कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिलेला नाही. त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि प्रत्येक वाक्याचा शेवट तमिळ चालीवर वर उचललेला. चौघांचे स्वभाव चार दिशांचे. टेबलावर एकमत होणारा विषय एकच, घरखर्च कमी कसा करायचा!

*

इथे विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं. पाचशे युनिटांच्या आत राहिलात तर ते सोसतं. पाचशेची रेघ ओलांडली की एकदम चढतं. पेंडसे रोज सकाळी दात घासत जिन्याखाली जातात आणि मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहितात.

एका मे महिन्यात रीडिंगला तीन दिवस उरले होते आणि आकडा चारशे अठ्ठ्याऐंशीवर. पेंडशांनी घरात आणीबाणी पुकारली! पहिल्या दिवशी त्यांच्या फ्रिजमधलं दूध, दही आणि इडलीचं पीठ आमच्या फ्रिजमध्ये आलं. संध्याकाळी इस्त्रीचे कपडे आले. दुसऱ्या दिवशी वहिनी आणि त्यांची मुलगी मुक्ता आमच्या हॉलमध्ये एसीखाली येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी स्वतः पेंडसे आले, हातात चटणीचं मिक्सरचं भांडं.

"आमच्याकडे मिक्सर आहे हो, पण फार खातो!"

रीडिंग झालं. पेंडशांचा आकडा चारशे नव्याण्णव. ते जिन्याखालूनच ओरडले, "सावंत, जिंकलो!"

रीडिंगवाल्या माणसाने मग आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन आमचं रीडिंग घेतलं. पाचशे एकतीस! आमच्या लग्नानंतर प्रथमच. माझी बायको नीता नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पेंडशांनी मात्र मनापासून हळहळ व्यक्त केली. म्हणाले, "तुम्ही लक्ष ठेवत नाही, सावंत!"

*

सुलभाताईंच्या सासूबाई, माई, साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आल्या. वय शहात्तर, तमिळचा एक शब्द येत नाही. घरात दोन दिवसांत कंटाळल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की इथल्या साध्या बसमध्ये बायकांना पैसे पडत नाहीत. अशा बसचं तोंड गुलाबी रंगवलेलं असतं, त्यामुळे वाचता येण्याचाही प्रश्न नाही.

झालं! माई सकाळी नऊला पिशवीत पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याचा लाडू घेऊन निघायच्या. गुलाबी बस आली की चढायच्या. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायच्या, त्याच बसने परत यायच्या. मग दुसरी बस. कंडक्टर त्यांना ओळखायला लागले. एकाने तर खिडकीची जागा राखून ठेवायला सुरुवात केली.

संध्याकाळी माई मुलाला आकडा सांगायच्या. "आज सहा तिकिटं वाचवली." दुसऱ्या दिवशी, "आज आठ."

मुलगा हसायचा. "माई, तू गेलीच नसतीस तर आठही वाचलीच असती ना?"

"घरी बसून कुणी कधी काही वाचवलंय का?" माई म्हणायच्या.

महिना संपला. माईंनी मुलाला समोर बसवलं. "महिनाभर उन्हातान्हात फिरून तुझे इतके पैसे वाचवले मी. कुठे आहेत ते?"

शेवटी मुलाने पाकीट काढून पैसे दिले!

दुसऱ्या दिवशी दुपारी माई रिक्षाने घरी आल्या. सुलभाताईंनी घाबरून विचारलं, "बस मिळाली नाही का?"

"मिळत होती की. पण वाचवलेले पैसे कधीतरी खर्चही करावेत!"

*

भाजीवर फुकट मिळणाऱ्या कढीपत्त्याला इथे कोसुरू म्हणतात. कढीपत्ताच असं नाही, घेतलेल्या मालावर वरून जे काही मिळेल ते कोसुरू. पेंडसे अकरा वर्षांत जेमतेम चार तमिळ वाक्यं शिकले. त्यातलं पहिलं "कोसुरू द्या".

एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या अक्कांकडून एकच लिंबू घेतलं आणि सवयीने कोसुरू मागितला. अक्कांनी लिंबाकडे पाहिलं, पेंडशांकडे पाहिलं. मग कढीपत्त्याची एक मोठी जुडी उचलून त्यांच्या पिशवीत घातली आणि हात पुढे केला.

"सार, कोसुरू तुम्ही न्या. लिंबू मला कोसुरू म्हणून द्या!"

*

आता स्वतःच्या घरचा किस्सा सांगतो, नाहीतर पेंडसे म्हणतील मी त्यांच्याच मागे लागलोय.

जॉर्ज टाउनला घाऊक बाजारात सगळं स्वस्त मिळतं, असं कुणीतरी नीताच्या डोक्यात घातलं. आम्ही एका शनिवारी गेलो. अरुंद गल्ल्या, हातगाड्या, हमालांची आरडाओरड. तीन तास फिरल्यावर आम्हाला परवडेल, उचलता येईल आणि खराब होणार नाही अशी एकच वस्तू सापडली. कापूर! आमच्या देवघरात रोज एक वडी लागते. नीताने तिथेच उभ्याने हिशोब केला आणि दोन किलो कापूर घेतला. पुढची सहा-सात वर्षं बघायला नको.

कापूर पत्र्याच्या डब्यात भरला, डबा कपाटात ठेवला. डब्याचं झाकण थोडं सैल होतं.

आठवडाभरात घराला वास यायला लागला. पंधरा दिवसांत जिन्याला. पाहुणे म्हणायचे, "वा, किती प्रसन्न वाटतं तुमच्याकडे!" ऑफिसात सुलभाताई माझ्यापासून एक खुर्ची लांब बसायला लागल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी रोज सकाळी देवळात जायला निघतात. एके सकाळी मी दार उघडलं तर आजी चप्पल बाजूला काढून, डोळे मिटून, आमच्या दाराला हात जोडून उभ्या!

वर्षाने डबा काढला. अर्ध्याच्या खाली गेलेला. कापूर कडक उन्हाळ्यात उडून गेला होता.

मी नीताला म्हटलं, "आपली बचत हवेत गेली."

"जाऊ दे," नीता म्हणाली. "आजी आता देवळात जात नाहीत. इथूनच परत फिरतात. त्यांचे गुडघे तरी वाचले!"

*

सेतुराव तिरुवल्लिकेणीत राहतात, एका जुन्या गल्लीत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने, रुक्माबाईंनी, कॉफी दिली. काय सांगू! पितळेच्या डबऱ्यात, इथल्या कॉफीच्या खोलगट वाटीत, फेसाळलेली, काळपट, जिभेवर तासभर राहणारी. दुसऱ्या वेळी तशीच. तिसऱ्या वेळीही तशीच. मी मुद्दाम कामं काढून त्या बाजूला जायला लागलो.

पाचव्या की सहाव्या खेपेला डबरा हातात घेतला आणि रंग बघूनच मनात चरकलो. फिकट. चव म्हणजे गरम दुधाला कॉफीची आठवण यावी इतपत!

सेतुरावांच्या घरी फिल्टरमध्ये पावडर एकदा भरली, की तिच्यावर तीनदा पाणी पडतं. पहिलं डिकॉक्शन दाट, दुसरं मध्यम, तिसरं नावाला. हे मला डब्याच्या टेबलावरून माहीत होतं. म्हणजे आज मला दुसरं नाही, तिसरं मिळालं होतं!

मी आठ दिवस सेतुरावांशी जरा तुटक वागलो. माझं काय चुकलं, ते आठवायचा प्रयत्न केला. एका दिवाळीत त्यांना फोन करायचा राहिला होता, तेवढंच आठवलं. शेवटी न राहवून सेतुरावांना म्हणालो, "त्या दिवशी कॉफी जरा वेगळी होती का?"

सेतुरावांनी माझ्यादेखत घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून रुक्माबाईंचा आवाज आला, अगदी साधा, थोडा आश्चर्याने भरलेला.

"पहिलें डिकाक्शन पाहुण्यांला. अतां सावंत घरचे झालें की!"

*

मुक्ताची गोष्ट मी शेवटी ठेवली होती.

मुक्ता पेंडशांची एकुलती एक. सॉफ्टवेअरमध्ये आहे. सेतुराव सोडले तर तमिळ आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं बोलते. एक दिवस तिने घरी सांगितलं, की तिला कार्तिकशी लग्न करायचंय. कार्तिक तिच्या ऑफिसातला. त्याचे वडील एकांबरम जॉर्ज टाउनमधले कागदाचे घाऊक व्यापारी.

पेंडसे "नाही" म्हणाले. मुलाबद्दल तक्रार नव्हती. "मी त्या घरात जाऊन बोलू काय? हसू कशावर?" एवढंच त्यांचं म्हणणं. मुक्ता म्हणाली, "मग मी लग्नच करत नाही." त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद. एकाच घरात, तीन महिने! काही सांगायचं असलं की वहिनींमार्फत.

टेबलावर पेंडसे गप्प बसायला लागले. एक दिवस त्यांनी डब्यातली अर्धी पोळी टाकून दिली. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. सुलभाताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग निरोप आला. एकांबरम रविवारी सकाळी अकराला भेटायला येतायत, एकटेच. पेंडशांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी भाषांतराला सेतुरावांना बोलावलं आणि बाजूला बसायला मला.

एकांबरम बरोबर अकराला आले. पांढरी वेष्टी नेसलेली, पांढरा सदरा, कपाळावर विभूती, हातात मिठाईचा मोठा खोका. खोका कागदात गुंडाळलेला, वर सुतळीने दोन्हीकडून घट्ट बांधलेला. तो त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि बसले.

बोलणं काही पुढे सरकेना. एकांबरम म्हणाले, उन्हाळा फार आहे. सेतुरावांनी ते मराठीत सांगितलं. पेंडसे म्हणाले, हो. सेतुरावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. एकांबरम म्हणाले, मुलगी चांगली आहे. पेंडसे खिडकीबाहेर बघत राहिले. सेतुरावांना भाषांतर करायला काही उरलं नाही. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यामागे मुक्ताच्या ओढणीची कड दिसत होती.

वहिनींना ती शांतता सोसेना. त्यांनी खोका जवळ ओढला. गाठ सुटेना, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन कात्री आणली आणि सुतळीखाली घातली.

"नको!" पेंडसे ओरडले.

"वेण्डाम!" एकांबरम ओरडले.

दोघंही एकाच क्षणी, खुर्चीतून अर्धे उठून! वहिनींच्या हातात कात्री तशीच. सेतुरावांनी सवयीने भाषांतरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

पेंडशांनी एकांबरमांकडे पाहिलं. एकांबरमांनी पेंडशांकडे. मग एकांबरम खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी गाठीत नख घातलं. गाठ हलली नाही. पेंडशांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली सर्वांत बारीक किल्ली निवडली आणि दुसऱ्या बाजूने गाठीत खुपसली. एकांबरमांनी सुतळी सैल धरली. दोन पांढरी डोकी खोक्यावर वाकलेली. पाच मिनिटं गेली, सात गेली. मध्येच एकांबरम तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले आणि पेंडसे मराठीत म्हणाले, "हां, तिकडून. तिकडून ओढा."

गाठ सुटली.

एकांबरमांनी सुतळी चार बोटांवर गुंडाळली, नीट लडी केली, टोक आत खोचलं आणि ती पेंडशांच्या हातावर ठेवली. पेंडशांनी खोक्यावरचा कागद न फाडता काढला, मांडीवर हाताने सपाट केला, चार घड्या घातल्या आणि एकांबरमांना दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

पेंडसे लडीकडे बघत होते. दाराकडे न बघताच त्यांनी हाक मारली.

"मुक्ता, साखर आण गं."